मागचे दार

“अहो, या नव्या औषधाला तर वासच नाही,” पंपाच्या टाकीत डोकावून फवारणीवाले काका म्हणाले.

“अत्तर आहे का ते, काका?” संशोधन केंद्रातल्या बाई हसल्या. “बटाट्यावरच्या भुंगेऱ्याला जगायला एक जनुक लागतं. त्याच्या अळीनं हे फवारलेलं पान खाल्लं, की तिच्या पोटात ते जनुक गप्प होतं. बाकी कुणाला काही नाही. काम झाल्यावर हात धुवा, पुरे.”

हात धुवा, पुरे! काका मनातल्या मनात ते शब्द घोळवत राहिले. त्यांची उभी हयात उग्र विषे फवारण्यात गेली होती. हंगामात ते पुढच्या दाराने घरात कधी शिरले नाहीत. मागच्या दारी कपडे उतरवावेत, तिथे ठेवलेल्या बादलीतल्या पाण्याने अंग घासावे, आणि तरीही दर्प जाईना म्हणून वेगळे जेवावे, असा त्यांचा नेम. लेक रांगत जवळ आली की पत्नी तिला उचलून आत नेई. बघता बघता ती लेक सासरी गेली. आता ती माहेरपणाला आली होती, आणि तिची तान्ही मुलगी उंबऱ्याआडून आजोबांकडे हात पसरत होती.

फवारणी झाली, तरी अळ्यांचे चरणे थांबेना. मळ्याचे मालक चिडले.

“काका, हे अळ्यांना बाळसं आणायचं औषध दिसतंय. उद्या जुनं काढा.”

“आधी त्यांच्या पोटात तर जाऊ द्या, मालक.”

“त्यांच्या पोटात माझं पीक चाललंय!”

“परवापर्यंत थांबा. नाहीच जमलं, तर जुना पंप मीच पाठीवर घेतो.”

बोलताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या जुन्या पंपाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाने हलकेच बाजूला केली. काही अळ्या काळवंडून मातीत पडल्या होत्या; उरलेल्या पानांना चिकटून होत्या, पण खात नव्हत्या. कोवळ्या पालवीच्या कडा अभंग होत्या. एक ठिपकेदार ढालकिडा, पिकाचा मित्र, देठावरून निवांत वर चढत होता. मालकांनी वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले.

“जुना पंप राहू द्या आता कोपऱ्यात,” एवढेच ते म्हणाले. काका बांधावर टेकले. इतका मोकळा श्वास त्यांनी त्या मळ्यात कधी घेतला नव्हता.

सायंकाळी पावले सवयीने मागच्या दारी वळली. तिथे बादली नव्हती. दाराला आतून कडी होती.

“दार कसलं वाजवताय?” आतून पत्नी म्हणाली. “मालकांनी सांगितलं सगळं. पुढून या.”

पुढचे दार सताड उघडे होते. काकांनी धुतलेले हात पुन्हा सदऱ्याला पुसले आणि ते उंबऱ्याबाहेर थबकले. नातीने हात पसरले. सवयीने लेक तिला मागे ओढायला पुढे झाली, आणि थांबली.

“घ्या ना, बाबा.”

नात एका खांद्याला बिलगली. दुसरा खांदा रिकामा होता. लेकीने त्यावर कपाळ टेकवले.