विकण्याचं कारण

बाबांनी लिहिलेली जाहिरात अशी होती: ‘शिलाई मशीन विकणे आहे. उत्तम स्थितीत. खऱ्या गिऱ्हाइकानेच फोन करावा.’ सोबत एक फोटो, त्यात मशीन अर्धं आणि बाबांचा अंगठा पाव. नऊ दिवसांत एकही फोन नाही. एकाने फक्त विचारलं होतं, मागचा पडदा विकायचा आहे का.

“उत्तम म्हणजे काय, बाबा? उत्तम तर सगळेच म्हणतात. पुरावा कुठाय?”

“मग तूच लिही,” बाबा चिडले. “तुझा धंदाच आहे तो.”

धंदाच आहे. एका ऑनलाइन दुकानासाठी मी वस्तूंची वर्णनं लिहिते. चादरी, पातेली, टेबलफॅन, जे येईल ते. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दम भरते: नुसतं ‘टिकाऊ’ लिहाल तर खबरदार. किती वर्षं टिकलं, कोणाकडे, काय काय सोसून, ते लिहा. वाचणाऱ्याला वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, तेव्हा निदान चार खरे तपशील तरी द्या.

मशीन आईचं. बावीस वर्षं तिने त्यावर शाळेचे गणवेश, पडदे आणि लोकांचे कोट शिवले. चार महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, जरा जड. पाय ओढत का होईना, चालायला लागली. उजवा हात तेवढा तसाच राहिला. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, हाताची आशा सोडा. आईला हे सांगणं आमच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करत आम्ही दिवस ढकलत राहिलो.

आणि मी तिच्याशी खोटं बोलायला लागले. ‘हात सुधारतोय’ एवढंच म्हटलं असतं तर तिने उडवून लावलं असतं, आई काही भोळी नाही. म्हणून मी सांगायचे, “सकाळी तू खिडकीबाहेर बघत होतीस ना, तेव्हा करंगळी हलली. एवढीशीच. दोनदा.” मग ती दिवसभर त्या करंगळीकडे टक लावून बसायची. तिचा विश्वास बसला होता, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी हायसं वाटायचं.

मशीन विकायचं बाबांनी ठरवलं. डोळ्यांसमोर राहिलं तर ती झुरत राहील, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आईला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. प्रत्यक्षात ते शेजारच्या काकूंच्या खोलीत होतं. गिऱ्हाइकाला आवडलेला पडदा त्यांचाच.

काकूंकडे बसून मी नवी जाहिरात लिहिली. बावीस वर्षं एकाच बाईचा हात. दर आठवड्याला तेल. जाड कोटाच्या चार थरांतूनही सुई अडत नाही. मोटार एकदाच बदलली, पावती आहे. लाकडी फळीच्या कडेला पेनाने केलेल्या मापाच्या खुणा आहेत, त्या पुसू नका, टेप शोधायची वेळ येत नाही.

शेवटचा रकाना होता ‘विकण्याचं कारण’. बाबांनी तो रिकामाच सोडला होता. मी लिहिलं, ‘मशीनमध्ये काही दोष नाही. शिवणारीचा उजवा हात गेला आहे. तो आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिला अजून हे माहीत नाही.’

खरं सांगते, ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती. वाचणारे होते.

दुसऱ्याच दिवशी दोन तासांच्या अंतरावरून एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि टेम्पोत घालून मशीन घेऊन गेल्या. जाहिरात मात्र मागे राहिली. वाचून रडू आलं म्हणत लोक ती एकमेकांना पाठवत सुटले. मी मनातल्या मनात फुशारले. तीन दिवसांनी आईच्या एका जुन्या कोटवाल्या गिऱ्हाइकाने पेनाच्या खुणा ओळखल्या आणि शेवटपर्यंत न वाचताच जाहिरात आईला पाठवली. वर लिहिलं, ‘ताई, मशीन विकताय? फार वाईट वाटलं.’

मी कामावरून आले तेव्हा आई फोन मांडीवर ठेवून बसली होती. बाबा दाराशी उभे होते, चेहरा पांढराफटक.

“चांगलं लिहिलंयस,” आई म्हणाली. “सगळं बरोबर आहे. तेलाचं, खुणांचं.”

मी तिच्या पायाशी बसले.

“डॉक्टर कधी म्हणाले?”

“महिना झाला.”

“आणि करंगळी?”

वाटलं, अजून एकदा खोटं बोलावं. जमलं असतं.

“नव्हती हलली, आई. कधीच नाही.”

ती रडली नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने बाजूला ठेवला.

“तेव्हाच सांगितलं असतंत तर महिनाभर डाव्या हाताची सवय केली असती,” ती म्हणाली. “सुरुवातीला वाकडंतिकडं आलं असतं. पण मशीन घरात होतं गं. मी ह्या मेलेल्या हाताची वाट बघत बसले.”

मी तिथूनच त्या बाईंना फोन लावला. दुप्पट देते म्हणाले, गयावया केली. सगळं सांगितलं.

“अहो, तुम्ही लिहिलेलं वाचूनच तर आलो आम्ही,” त्या अवघडून म्हणाल्या. “माझ्या मुलीला त्यावरच शिकायचंय. आल्यापासून उठली नाहीये ती. तिच्या हातातून कसं काढून घेऊ, तुम्हीच सांगा.”

त्यांच्या मागे मशीन चालू होतं. एक लांब सरळ शिवण, मग थांबा, मग पुन्हा. आईने डावा हात पुढे केला. फोन ठेवायला सांगतेय असं मला वाटलं. तिने तो माझ्याकडून घेतला आणि कानाला लावून ऐकत बसली.