नागुबाई सल्लागार

जिल्हा नवा, खुर्च्या मागून आणलेल्या, दुष्काळ मात्र जुनाच. लातूरच्या आमच्या कचेरीत पाण्यापेक्षा परिपत्रकं जास्त यायची. मी मन्मथ, तिथला कारकून. असल्या कागदांनी माझं डोकं फिरायचं, पण पोट त्यांच्यावरच.

नवं परिपत्रक सांगत होतं, बोरची जागा बाहेरच्या सल्लागाराने लेखी सुचवलेलीच हवी. साहेब शेषेराव आणि मी जळकोटजवळच्या एका वाडीवर पोचलो, तर नांदेडहून आलेली बोरची गाडी उभी आणि सल्लागाराचा पत्ता नाही. गाडी दिवस मावळायच्या आत परत जाणार होती. ती गेली की उन्हाळाभर वाडीतल्या बायांना पाण्यासाठी दोन कोस चालणं आलं.

"पाणी कुटं हाय ते मला ठावं हाय की," नागुबाई म्हणाली. सत्तरीची म्हातारी. वाडीतल्या दोन्ही विहिरींच्या जागा तिनेच दाखवलेल्या. यंदा त्याही आटल्या होत्या.

साहेब खूश झाले. बाई सरकारी नोकर नाही, म्हणजे बाहेरचीच! मी फॉर्म काढला.

"या कामातून तुम्हाला काही फायदा होणार का, मावशी?"

"हाव. प्यायला पाणी मिळंल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "फायदा होणारा सल्लागार चालत नाही, बाई."

"मग ज्याला तहान न्हाई त्याला इचारता व्हय?"

म्हातारीने मावळतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिव्ह बाबा. नागुबाई ह्या बोरचं पाणी पिणार न्हाई."

मी लिहिलं. तिने अंगठा उठवला आणि बाभळीजवळ टाच आपटून जागा दाखवली. दीडशे फुटांवर धो धो पाणी लागलं.

पंधरा दिवसांनी मी हातपंप पाहायला गेलो. पंपावर बायांची झुंबड, आणि नागुबाई डोक्यावर घागर घेऊन दोन कोसांवरून चालत येत होती.

"मावशी, कोण बघतंय? इथलंच घ्या की."

"अंगठा दिलाय, बाबा."

मला स्वतःचीच लाज वाटली. परिपत्रकावर खापर फोडता आलं असतं, पण ते वाक्य माझ्या अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची सही घेऊन मी वाडीवर गेलो आणि कागद वाचून दाखवला. सल्लागार म्हणून आपली नेमणूक समाप्त करण्यात येत आहे. नेमणुकीच्या अटी आजपासून लागू नाहीत.

"म्हंजी कामावरून काढलं मला?"

"हाव."

"लई उपकार झाले," ती म्हणाली आणि बायांना कोपराने सारत पंपाशी घुसली.