वरच्या आवाजाची ओळ

धनंजय मास्तरांनी बायकांशिवाय बायकांचं गाणं बसवायला घेतलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना अडवायला हवं होतं. पण कारंजा घाडग्यात मास्तरांना अडवणार कोण? एकट्या त्यांच्या पत्नी मंजुषाबाई अडवत, आणि त्या गेल्या पावसाळ्यात वारल्या.

नाताळचं हे गाणं इथल्या लहानशा चर्चमध्ये वीस वर्षं अठरा माणसं चार आवाजांत गात. त्यात बहुतेक नर्सबाया. त्यांच्या बदल्या झाल्या आणि उरले मास्तर नि बँकेतला अंकित. मग मास्तरांनी खंजिरी भजन मंडळातून दोघांना उसनं आणलं: हायवेवरचा पंक्चरवाला बंडूजी आणि संत्र्याच्या बगीच्याचा रामाजी. दोघंही चर्चचे नव्हेत, पण गळे दणकट.

मास्तरांनी गाणं दोन पट्ट्या खाली उतरवलं, बायकांचा वरचा आवाज कापून टाकला, चौघांच्या वह्या भरल्या. शेवटची ओळ मात्र त्यांच्याने कापवेना. ‘निजला गव्हाणीत राजा.’ तिथे सगळे गप्प होत आणि मंजुषाबाई एकट्या गात. यंदाही ती ओळ चर्चमध्ये म्हटली जायलाच हवी होती; त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. “ते मी म्हणन,” मास्तर म्हणाले. त्यांच्या फाटक्या आवाजाबद्दल बोलायची कुणाची छाती झाली नाही.

अडचण वेगळीच निघाली. भजनात पुढच्याने ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची, हे बंडूजी-रामाजींच्या हाडात मुरलेलं. अंकितने तोंड उघडलं की हे दोघं आपापला आवाज सोडून त्याचीच ओळ म्हणत, तीही दोनदा. तीन मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं.

“बंडूजी, काऊन उचलून राह्यले जी? तुमची ओळ येगळी हाय!”

“पोरगा एकटा म्हणून राह्यला मास्तर. त्याले तसाच सोडनं बरं नाई दिसत.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि वह्यांत लाल पेनाने जागोजागी ‘गप्प’ लिहिलं. शेवटच्या ओळीपुढे तर तीनदा. महिनाभर रागावून रागावून त्यांनी ती खोड मोडली, आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. गाणं नीट गेलं. कुणी कुणाची ओळ उचलली नाही. बंडूजी तर ओठ दाबून उभा. शेवटी सगळे गप्प झाले आणि मास्तर एक पाऊल पुढे आले. “निजला,” ते म्हणाले, आणि डाव्या बाजूला मंजुषाबाई उभ्या राहत त्या रिकाम्या जागेकडे त्यांची नजर गेली. पुढचा शब्द काही केल्या येईना.

रामाजीने वहीतल्या तीन ‘गप्प’कडे पाहिलं आणि वही मिटली. “निजला,” त्याने हळूच उचललं. बंडूजीने उचललं. अंकितनेही. निजला, निजला, पाळण्याला झोका द्यावा तसं तिघं म्हणत राहिले. चौथ्या खेपेला मास्तरांना ‘गव्हाणीत राजा’ सापडलं. आवाज फाटकाच होता, पण ओळ पूर्ण झाली.

“शेवट असा झुलवायची युक्ती तुमचीच ना?” बाहेर पाळकसाहेबांनी विचारलं. मास्तरांनी खुशाल मान डोलावली.

बंडूजी केकचा तुकडा हातात धरून अपराध्यासारखा जवळ आला. “चुकलंच मास्तर. राह्यवलं नाई. पुढच्या साली नाई करत.”

मास्तरांनी त्याची वही मागून घेतली, लाल पेन काढला आणि तिन्ही ‘गप्प’ खोडून टाकले.

“करजा जी,” ते म्हणाले. “मले एकट्याले नाई जमत.”