बानाबाईच्या गोळ्या

सोनाजीनं बायकोचा हात मोडला तेव्हा बानाबाई ओरडली नाही. काठी कोपराखाली बसली, हाड वाजलं, आणि ती मेंढरं कोंडायच्या वाडग्याशेजारी मुकाट खाली बसली. त्यानं तो जास्तच भडकला. "हिला मारबी लागंना," असं आईला म्हणत त्यानं तिच्या पाठीत आणखी दोन काठ्या घातल्या.

सहा वर्षांपूर्वी करमाडजवळच्या याच वस्तीवर ती बाळंत झाली होती. मूल मेलेलं निघालं आणि रक्त थांबेना. घोंगडं भिजलं, खालची मातीही भिजली. ती वाचली, पण उरात दूध आलं नाही, पाळी कायमची गेली, भुवया झडल्या. भर उन्हात थंडी वाजायची. पाणी आणताना ती वाटेतच झोपून जायची. सासू म्हाळसाबाई म्हणायची, मेलेलं पोर हिच्या अंगात बसलंय. देवऋष्यानं मिरच्यांची धुरी दिली, तापल्या विळ्यानं पोटावर डाग दिले. नवऱ्याचा मार रोजचाच होता.

मोडक्या हातासाठी भाऊ आप्पा तिला औरंगाबादच्या दवाखान्यात घेऊन आला. ते १९८६ साल होतं. तिथल्या डॉ. सांडूबाई बाळंतपणात रक्त गेलेल्या आणि नंतर खंगत गेलेल्या बायकांवर संशोधन करत होत्या. अशा एकोणीस जणी त्यांना सापडल्या होत्या. अकरा जणींच्या अंगावर वळ होते. बानाबाईच्या भुवया पाहून त्यांनी लगेच रक्त तपासायला घेतलं.

"मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते," त्यांनी आप्पाला सांगितलं. "अंगातल्या बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमानं चालतात. रक्त गेलं तेव्हा हिची ती ग्रंथी मेली. बाई आळशी नाही, आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी वॉर्डात शिरला.

"आमच्या बाईचं रगत काढता?" त्यानं बानाबाईला केसांनी धरून खाटेवरून ओढलं. सलाईनची बाटली फुटली, ती काचांवर पडली आणि तिची नाडी लागेना. सांडूबाई काचांतच गुडघे टेकून तिच्या शिरेत, ग्रंथी मेल्यानं अंगात बनेनाशा झालेल्या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊ लागल्या. सोनाजीनं त्यांच्या बरगडीत लाथ घातली. सुई त्यांनी हलू दिली नाही. शिपायांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं.

संध्याकाळी बानाबाई उठून बसली. "भाकर हाय का?" तिनं विचारलं. सहा वर्षांत तिला पहिल्यांदा भूक लागली होती.

पोलीस आले, जातीचे पंच आले, सोनाजीनं सगळ्यांचे पाय धरले. पंचांनी तिला परत नवऱ्याकडे धाडलं. जाताना सांडूबाईंनी बजावलं, "त्या ग्रंथीचं काम आता या गोळ्या करतील, रोज घ्यायच्या. बंद केल्या तर मरशील."

दोन महिन्यांत तिच्या अंगात ताकद आली, आवाज चढला. ती सासूला उलटून बोलू लागली. एका सकाळी सोनाजीनं गोळ्यांची पुडी उचलून चुलीत टाकली.

"आता बोल," तो म्हणाला आणि त्यानं काठी उगारली.

बानाबाईनं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तो पडला तरी ती थांबली नाही. म्हाळसाबाई मधे आडवी पडली तेव्हा तिनं दांडा टाकला. रक्ताळलेल्या लुगड्यातच ती जालना रोडला आली आणि एसटीत बसली.

"बाई, आधी तो मारायचा तवा मला काय वाटायचंच नाय," दवाखान्यात पोचल्यावर ती सांडूबाईंना म्हणाली. "आता राग येतो. लई येतो. ह्ये गोळ्यांनी व्हय?"

सांडूबाईंनी तिच्या हातात नवी गोळी आणि पाण्याचा पेला दिला. "राग यायलाही अंगात बळ लागतं," त्या म्हणाल्या. "पण तू त्याला मारून टाकलं असतंस, बानाबाई."

"व्हय. टाकलं असतं."

बानाबाईवर खटला चालला. सांडूबाईंनी साक्ष दिली, सोनाजीच्या लाथेनं मोडलेल्या स्वतःच्या बरगडीचे एक्स-रेही दाखवले. बानाबाई सुटली आणि दौलताबादला आप्पाकडे राहू लागली. सोनाजीचं मनगट वाकडंच राहिलं. पुढं सांडूबाईंच्या संशोधनात आणखी तीन बायका आल्या, त्या बानाबाईनं वस्त्यावस्त्यांवर फिरून, भुवया बघत शोधल्या होत्या. एकीला तिनं नवऱ्याच्या हातातून ओढून आणलं होतं.