चौदा महिने विचाराधीन

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत. बाहेरून आलेला कोड तिच्या नजरेखालून जायचा, आणि त्यात बारीकसा खडा असला तरी सुटायचा नाही.

वाचनालयांतली पुस्तकं नोंदवायचं त्यांचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. कोड सगळ्यांना खुला, वापर फुकट, सुधारणा कुणीही पाठवावी. पण ती आत घ्यायची की नाही हे ठरवणारे पाचही जण कंपनीचे पगारी नोकर. चाळणी त्यांतलीच एक. याच सॉफ्टवेअरची जास्तीच्या सोयींची एक आवृत्ती कंपनी विकायचीही.

एका ग्रंथपालाने अशीच एक सुधारणा पाठवली होती. त्याला दिसत नव्हतं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर तो काम करायचा, पण या सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज नुसता "बटण, बटण, बटण" करत बसायचा. वर्षभर खपून त्याने प्रत्येक बटणाला बोलतं केलं होतं. शोध चालू असताना आवाज म्हणायचा, "थांबा, शोधतोय हो." ते वाचून चाळणीला हसू आलं होतं. तिने ओळ न् ओळ तपासली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

"छान आहे," साहेब म्हणाले. "त्याचा कोड कंपनीला हवा तसा वापरता येईल, असा हक्कांचा फॉर्म भरून घे. आणि 'विचाराधीन' लिही."

तिने फॉर्म पाठवला. त्याने सही करून दिली. मग चौदा महिने तो विचारत राहिला आणि ती 'विचाराधीन' लिहीत राहिली. साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू गं, घाई काय आहे?"

मग कंपनीने वापरणाऱ्यांचा मेळावा भरवला. सभागृहाच्या दारावर फलक होता: 'हे सॉफ्टवेअर तुमचंच आहे.' ग्रंथपाल काठी टेकत आला आणि पुढच्या रांगेत बसला. साहेबांनी जाहीर केलं, की विकतच्या आवृत्तीत आता दृष्टिहीनांसाठी खास सोय आली आहे. त्यांनी कळ दाबली.

"थांबा, शोधतोय हो," सभागृहभर आवाज घुमला.

ग्रंथपाल ताडकन उभा राहिला. "अहो, हे माझं आहे!"

"तुमच्यासारख्यांच्या प्रेरणेनेच तर..." साहेब हसत म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

चाळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने साहेबांना बाहेरच्या जिन्यात गाठलं.

"फुकटच्या आवृत्तीत घेतलं नाही, आणि विकायला काढलंत?"

"त्याने सही केलीये. फॉर्म तूच पाठवला होतास ना?"

हे खरं होतं, म्हणून राग आणखीच भडकला. ती तडक आपल्या टेबलाशी गेली, ग्रंथपालाची सुधारणा फुकटच्या आवृत्तीत घेतली आणि खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं: 'चौदा महिने उशीर झाला. खोट कोडमध्ये नव्हती, आमच्यात होती.'

सतराव्या मिनिटाला कुणीतरी सुधारणा आणि त्या ओळी, दोन्ही काढून टाकल्या. अठराव्याला तिचा पासवर्ड चालेना, तेव्हा राजीनामा लिहून ती निघाली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नणंदेने तिचा चेहरा बघूनच विचारलं, "वहिनी, भांडलीस की सोडलीस?"

"दोन्ही."

"मग आधी पाणी पी. शिव्या नंतर दे, मीही देते."

दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथपालाला फोन केला. माफीचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो कडाडला.

"बाई, चौदा महिने तुमचं ते एकच उत्तर यंत्राने मला वाचून दाखवलंय. तुम्हाला ठाऊक होतं कोड बरोबर आहे, आणि तुम्ही गप्प बसलात. तुमची माफी घेऊन मी काय करू?"

तो मात्र फोन ठेवेना.

"वाचनालय नऊला उघडतं," तो म्हणाला. "फुकटच्या आवृत्तीची नक्कल करून, माझी सुधारणा घालून, वेगळी चालवायची आहे. तेवढी मुभा ओपन सोर्सच्या परवान्यात अजून आहे. यायचं तर या."

ती गेली. वर्षभरात सहा वाचनालयं त्यांच्या आवृत्तीवर आली. कंपनीकडे शेकडो राहिली, आणि ग्रंथपालाच्याच शब्दांत बोलणारी ती विकतची सोय जोरात खपली. तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. तिनेही त्याहून जास्त मागितलं नाही.