चौदा नंबरचा माइक

टेप भाजावी लागते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा नवरा पोट धरून हसला होता. "आमची ही स्वयंपाकघरात फारशी फिरकत नाही, पण टेपा अशा खमंग भाजते म्हणून सांगू!" असं तो अजूनही आल्यागेल्याला ऐकवायचा. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जुनी टेप ओल धरते. तिच्यावरचा थर चिकट होतो, आणि तशीच मशीनवर चढवली तर आवाजच खरवडून निघतो. म्हणून ती टेप मंद ऊब देणाऱ्या पेटीत आठ तास ठेवायची आणि मग तशीच सावकाश गार होऊ द्यायची. त्यानंतर थोडे दिवस टेप शहाण्या बाळासारखी वागते. तेवढ्यात तिच्या पोटातलं सगळं काढून घ्यायचं.

शहाण्या बाळासारखी, म्हणजे तिच्या बाळासारखी नव्हे. तिची लेक पाच महिन्यांची होती आणि झोपेच्या बाबतीत पक्की चिक्कू. सकाळी साडेनऊला डोळा लागला तर अकराला टक्क जागी. हा दीड तासच काय तो आईचा. त्यात मागच्या खोलीचं दार लावायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि इतरांच्या जुन्या आवाजांवरची धूळ झटकायची. बाहेरच्या खोलीत बाबा नातीला मांडीवर घेऊन बसायचे. पाय हलवायचा तो एकाच लयीत. तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेला माणूस, लय कशी चुकेल?

हे काम तिने रेकॉर्ड कंपनीकडून हट्टाने मागून घेतलं होतं. रॉक संगीताच्या इतिहासातल्या अविस्मरणीय क्षणांच्या याद्या निघतात, त्यातल्या एकाही यादीत त्या चौघांच्या बँडचा तो कार्यक्रम नाही असं व्हायचं नाही. तिसरं गाणं, संथ, एका गिटारीवरचं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर गायक एकाएकी थांबतो. क्षणभर नुसती गिटार. आणि मग अख्खं सभागृह ते गाणं उचलून धरतं आणि शेवटपर्यंत नेतं. गायकाला म्हणे गहिवरून आलं होतं. प्रेमात पडलेली माणसं ते लावत, प्रेमातून उठलेलीही लावत. त्याच संध्याकाळी सभागृहाच्या डाव्या अंगाला चेंगराचेंगरी होऊन सात जण गेले, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते गाणं संपल्यानंतर झालं, असं चौकशीत ठरलं होतं. दाराजवळच्या एका सतरा वर्षांच्या मुलीने विनाकारण आरडाओरडा केला, लोक बिथरले आणि पळापळ झाली. मुलगीही त्यातच गेली, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती.

तो कार्यक्रम बाबांनी ध्वनिमुद्रित केला होता. ती तेव्हा दोन महिन्यांची होती. आता तिसाव्या वर्षी त्याची नवी आवृत्ती निघणार होती, आणि ती बाबांच्या मुलीच्या हातून निघावी यापरतं दुसरं काय हवं?

बाबांना मात्र ते रुचलं नाही. "आहे ते चांगलं आहे," ते म्हणाले होते. "खपली धरलेली असते ठमे, नखं लावू नयेत."

"बाबा, तुमच्याच कामाला पॉलिश करतेय."

"म्हणूनच म्हणतो."

तिला वाटलं, म्हातारपणाचा रुसवा. आपण केलेल्या कामाला लेकीने हात लावावा हे सगळ्याच बापांना पचत नाही.

टेपांबरोबर कंपनीने कागदांचं एक खोकं पाठवलं होतं. फोटो, पावत्या, कोणत्या ट्रॅकवर कोणता माइक आहे त्याचा तक्ता, आणि तळाशी एकाच हस्ताक्षरातली पत्रांची चळत. त्या मुलीच्या आईची. ती कपडे शिवायची. दर वर्षी कंपनीला एक पत्र टाकायची, आणि दर वर्षी त्यात एकच प्रश्न असायचा. माझी मुलगी का ओरडली?

"अरे हो, ती पत्रं चुकून आली वाटतं," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "म्हातारीचं पत्र आलं की आम्हाला कॅलेंडर बघावं लागत नाही. टाकून द्या तुम्ही."

"कोणी उत्तर दिलंय का कधी?"

"काय देणार? मी तेव्हा चड्डीत होतो, मॅडम. तुम्ही फक्त गर्दीचा आवाज जरा भरगच्च करा. हल्ली लोकांना वाटायला हवं, आपण तिथेच आहोत."

गर्दीसाठी चार माइक होते. अकरा, बारा, तेरा आणि चौदा. तक्त्यावर डाव्या दाराजवळच्या चौदासमोर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माइक खराब. वापरू नये.' मग चौदा वगळून तिने बाकीचे तीन भरगच्च करायला घेतले, पण डावी बाजू काही केल्या भरेना. जेवताना एक दाढ नसावी तसं होत होतं. खराब म्हणजे किती खराब असेल, खरखर असेल तर काढता येईल, असं म्हणून तिने मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास बाकी सगळं बंद केलं आणि एकटा चौदा नंबर उघडला.

खरखर नव्हतीच. आरशासारखा स्वच्छ आवाज होता.

आधी खोकणं, कुजबुज, कुणाचं तरी हसणं. गायक गात होता, लांबून. पहिलं कडवं संपताना लोखंडावर हात आपटल्याचा आवाज आला आणि एक मुलगी म्हणाली, "काका, दार उघडा ना. इकडे फार रेटारेटी होतेय."

मग परत. "काका! ही लहान मुलगी दबतेय हो. कडी काढा!"

पलीकडून पुरुषाचा आवाज, दबका, कुणी ऐकेल अशा धास्तीने बोलावं तसा. "गाणं संपू दे, पोरी. साउंडवाल्या साहेबांनी सांगितलंय, गाणं संपेस्तोवर कडी काढायची नाही. दार करकरतं, रेकॉर्डिंगमध्ये येतं."

"मरतील हो इथे!"

"दोन मिनिटं. दोनच मिनिटं कळ काढ."

दूरवर गायक थांबला. त्याला गहिवर आला नव्हता. स्टेजवरून त्याला डाव्या कोपऱ्यात काहीतरी चाललेलं दिसलं असावं. पण मागच्या हजारो लोकांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्याला गायला सांगतोय, आणि ते गायला लागले. किती सुरेल गात होते! त्या सुरेल गाण्याखाली ती मुलगी ओरडत होती. आधी शब्द होते, मग नुसता आवाज, आणि मग तोही एका जागी येऊन थांबला. लोक गातच होते.

तिच्या छातीशी ऊन ऊन ओल पसरली. कुर्ता भिजला. तिने चमकून दाराकडे पाहिलं, पण लेक रडत नव्हती. बाहेर सगळं शांत होतं. तीस वर्षांपूर्वी मेलेल्या कुणाच्या तरी मुलीसाठी तिला पान्हा फुटला होता.

तिने मशीन थांबवलं. आधी तिने तो ट्रॅक दोन ठिकाणी उतरवून घेतला. सवय. मग बसून राहिली. साउंडवाले साहेब. त्या संध्याकाळी त्या सभागृहात साउंडवाला असा एकच माणूस होता, आणि तो आत्ता पलीकडच्या खोलीत तिच्या लेकीला थोपटत होता.

ती बाहेर आली. बाळ बाबांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलं होतं. बाबांनी तिच्या भिजलेल्या कुर्त्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाय हलवायचे थांबले.

"चौदा उघडलास," ते म्हणाले.

"तुम्ही खराब लिहिलं होतंत."

"हो."

"तुम्ही ऐकलंय ते?"

"एक मिनिट छत्तीस सेकंदांवर ती पहिल्यांदा हाक मारते," बाबा म्हणाले. "एक अठ्ठावन्नला म्हणते, लहान मुलगी दबतेय. दोन चारला दारावरचा शिपाई बोलतो. तीन एकवीसनंतर ती बोलत नाही." ते अगदी हळू बोलत होते, बाळ उठू नये म्हणून. "मिक्स करताना नऊ दिवस ऐकलं. त्यानंतर टेप लागत नाही मला. ते आपोआप वाजतं."

"कडी तुम्ही लावायला सांगितलीत?"

"त्या एका गाण्यापुरती. साडेचार मिनिटं. तालमीच्या वेळी दाराची करकर चौदामध्ये येत होती. तेल घातलं, काही फरक पडेना. संथ गाणं होतं, ठमे. त्यात दार करकरलं असतं तर..." ते मध्येच थांबले. वाक्य कुठे जाऊन पडणार ते त्यांनाच दिसलं असावं.

"आणि चौकशीत?"

"शिपायाने खरं सांगितलं. मी म्हणालो, मी असं काही बोललो नाही, आणि तो माइक बंद होता. मी शिकलेला, कंपनीचा माणूस. तो प्यायला होता असं ठरलं. नोकरी गेली त्याची. मग तोही गेला." बाळाच्या कपाळावरचा केस त्यांनी एका बोटाने बाजूला केला. "तू दोन महिन्यांची होतीस. तुझी आई अंथरुणावर होती."

"माझ्यावर नका ढकलू."

"नाही ढकलत. विचारलंस म्हणून सांगितलं."

याच माणसाने तिला ऐकायला शिकवलं होतं. लहानपणी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वयंपाकघरात उभं करायचा, 'सांग, कुठलं भांडं पडलं?' ताप आला की रात्र रात्र उशाशी बसायचा. त्याला आता काय म्हणून हाक मारावी ते तिला कळेना. ओरडावंसं वाटत होतं, पण बाळ झोपलेलं. घरातलं सगळ्यात मोठं भांडण त्यांनी कुजबुजत केलं.

"टेप पुसून का नाही टाकलीत मग?"

"दोनदा मशीनवर लावली. नाही झालं. एकदा तिला दार उघडलं नाही, आता वर तिचं तोंडही दाबू?"

"पण दाबलंतच ना! तीस वर्षं!"

बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "एक मागतो. मी आहे तोवर थांब. नंतर काय करायचं ते कर. फार दिवस राहिलेले नाहीत माझे."

"त्या मुलीची आई पंच्याहत्तरची आहे, बाबा, पत्रात लिहिलंय तिने. तुमच्याहून मोठी. मग काय करू? तुमच्यातलं आधी कोण जातंय त्याची वाट बघत बसू?"

 तिला स्वतःचंच बोलणं ऐकवेना. हे म्हातारं डोकं, ज्याला आंघोळीनंतर अजून तीच तेल लावून द्यायची, ते आता पेपरांत येणार होतं. शेजारीपाजारी कुजबुजणार होते. लेक मोठी झाली की कुणीतरी तिला सांगणार होतं, तुझे आजोबा म्हणजे तेच ना? एक बोट हलवलं की चौदा नंबर परत बंद. डावी बाजू थोडी पोकळ राहील, एवढंच. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

तिने आत जाऊन त्या चळतीतलं सगळ्यात वरचं पत्र आणलं. खाली फोन नंबर होता, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'दुपारी बारापर्यंत मशीन चालू असतं, तरी फोन वाजू द्यावा. मी उचलते.'

ते पत्र तिने बाबांसमोर धरलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी नातीला अलगद उचलून तिच्या हातात दिलं. मांडीवरची ऊब गेल्यामुळे बाळ कुरकुरलं. तिने त्याला पदराआड घ्यावं तसं ओढणीखाली घेतलं, आणि एका हाताने नंबर फिरवून फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला. स्पीकर लावला होता. बाबांचे कान आता पूर्वीचे राहिले नव्हते.

बराच वेळ वाजला. मग उचलला गेला. मागे शिलाई मशीनची धडधड, मग ती थांबली.

"हॅलो. कोण?"

बाबांनी तोंड उघडलं. परत मिटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहान मूल पहिल्यांदा शाळेच्या दाराशी उभं राहून बघतं ना, तसं.  एका क्षणात हे सगळं थांबवता आलं असतं. ती थांबवणार नव्हती.

"हॅलो? कोण बोलतंय? बोला की, मी ऐकतेय."

"बाई," बाबा म्हणाले, "मी त्या दिवशीचा साउंडवाला. तुमच्या मुलीने दंगा केला नाही. ती दार उघडायला सांगत होती. एका लहान मुलीसाठी. कडी मी लावायला सांगितली होती. शिपाई खरं बोलला होता. मी खोटं बोललो."

   बाळ दूध पिता पिता थांबलं आणि बाबांच्या आवाजाच्या दिशेने डोळे फिरवून बघायला लागलं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. कागद फाडल्याचा आवाज. परत आलेल्या बाईच्या आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. हळू सांगा, मी लिहून घेते."