डीवर टाकलं की विचारात पडणारी गाडी

बोलायचं असेल तर माणसानं बोलावं, नाहीतर गप्प राहावं. पण नुसता घसा खाकरायचा आणि खिडकीबाहेर बघायचं, याला काय म्हणावं? बाईंच्या नवऱ्यानं सकाळपासून हे चौथ्यांदा केलं होतं.

"कफ झालाय का?" स्टिअरिंगवरची नजर न हलवता बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय सांगायचंय?"

"काही नाही. पुढे डावं वळण आहे."

"चाळीस वर्षं याच रस्त्यानं जातेय मी. वळण अजून पळून गेलेलं नाही."

बाई वळल्या, आणि गाडीनं गेला महिनाभर करत होती तेच केलं. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडलं, पण चाकांनी काही ते मनावर घेतलं नाही. मग मागून कुणी लाथ घालावी तशी गाडी एकदम पुढे झाली. पाठीमागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"थांब रे! विचार करतेय ती!"

गाडी बावीस वर्षांची. तिला क्लच नव्हता, गिअरचा दांडा डीवर टाकला की ती आपली आपण पुढे निघायची, आणि बाईंच्या डाव्या गुडघ्यात वाकण्याची ताकद नव्हती, म्हणून दोघींचं जमलं होतं. क्लचची कुठलीही गाडी बाईंना चालवता आली नसती. थोरल्यानं मात्र निकाल देऊन टाकला होता. "आई, गिअरबॉक्स गेलाय. नवा बसवण्यात अर्थ नाही. चार वाजता भंगारवाला येतोय. तुला कुठे जायचं असलं तर सोडेल ना तुझी सून."

सोडेल! मांजराची पिल्लं सोडतात पोत्यात घालून. बहिणीकडे जायचं तर सुनेला सवड कधी ते विचारायचं, नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर पुन्हा विचारायचं, आणि मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखं बसायचं. थोरला कामावर गेला तशी बाईंनी किल्ली उचलली. गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं 'गेला' म्हटलं तरच गेला. मुलाला गिअरबॉक्समधलं काय कळतं? त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत.

मिस्त्रीचे दोन्ही कान उभ्या जन्माच्या इंजिनांनी खाऊन टाकले होते. कानाचं यंत्र होतं, पण ते खिशात असायचं. घातलं की फार गोंगाट होतो, अशी त्याची तक्रार. तो बाईंच्या जागी बसला, डोळे मिटले आणि गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. डीवर टाकलं. ओठांतल्या ओठांत तीनपर्यंत मोजून झालं तेव्हा कुठे गाडीला झटका बसला.

मग त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन तसंच चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. जेमतेम टोक ओलं झालं होतं. ते टोक त्यानं पांढऱ्या फडक्यावर घासलं आणि फडकं नाकाशी नेलं.

"तेल लालच आहे. जळका वास नाही. आतल्या प्लेटा अजून शाबूत दिसतायत." तो गाडीखाली सरकला आणि कोरडे हात दाखवत बाहेर आला. "गळत तर कुठेच नाही. मग तेल गेलं कुठे, बाई? कुणी प्यायलं?"

नवऱ्यानं पाचव्यांदा घसा खाकरला, मागे जाऊन डिकी उघडली. आत औषधाच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, चारही लाल तेलानं भरलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वळणदार अक्षरात तारीख. सारा जन्म दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलेला माणूस; तेल काढलं तरी औषधासारखं.

"पट्टीवरच्या रेघेच्या वर होतं," तो पुटपुटला. "म्हणून दर रविवारी थोडं थोडं... सिरिंजनं."

"काय?" मिस्त्री म्हणाला.

नवऱ्याचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. शेवटी बाईच ओरडल्या, "रेघेच्या वर दिसलं म्हणून यांनी काढलं!"

पलीकडच्या गाड्यांखालून दोन-तीन डोकी बाहेर आली.

"बघताना इंजिन चालू होतं का बंद?"

"बंद," नवरा म्हणाला.

"बंद!" बाई ओरडल्या.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अहो, बंद केली की वरचं सगळं तेल खाली उतरतं, मग पट्टी जास्तच दाखवणार! या गाडीचं तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. बंद ठेवून बघा असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं?"

बाईंना महिन्यापूर्वीची सकाळ आठवली. नवऱ्याची दवाखान्यातली नोकरी संपल्यानंतरचा पहिलाच रविवार. अंगणात गाडी धडधडत होती, नवरा तिचं माहितीपुस्तक उघडून उभा होता, आणि धूर थेट धुतलेल्या चादरींवर. "बंद करा ते धूड!" "अगं, पुस्तकात चालू ठेवून बघायला सांगितलंय." "पुस्तक लिहिणाऱ्याला चादरी धुवाव्या लागत नाहीत!"

"मीच!" नवरा ओरडला. चक्क ओरडला, मिस्त्रीलाही पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. "माझ्याच डोक्यातून निघालं!"

"कंपाउंडरकाका," गाडीखालून कुणीतरी म्हणालं, "गाडीचं रक्त तपासायला पाठवणार होतात काय?" सगळे खो-खो हसले. नवराही हसला, बुटांकडे बघत.

बाईंना गप्प राहता आलं असतं. विषय तिथेच मिटला होता. पण हसणाऱ्या नवऱ्याचे कान लाल झालेले त्यांना दिसले. त्या लंगडत मिस्त्रीपाशी गेल्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन अशा गरजल्या की पत्रे हलावेत.

"मी सांगितलं होतं! पुस्तक यांनी दाखवलं होतं, मी ऐकलं नाही!"

हसणं थांबलं. मिस्त्रीनं मान डोलावली, नव्या तेलाचा डबा फोडला आणि इंजिन चालू ठेवून, पट्टी बघत बघत, नरसाळ्यानं थोडं थोडं ओतलं. एक फेरी मारून आला. "वेळेवर आणलीत. आठवडाभर चालवा, परत दाखवा. पण भंगारात घालायची ही गाडी नव्हे."

बाईंनी तिथूनच थोरल्याला फोन लावला. "भंगारवाल्याला सांग, गाडी कामात आहे." आणि तो काही विचारायच्या आत ठेवून दिला.

त्यांनी डीवर टाकलं. गाडी लगेच निघाली, चढावरही कुरकुरली नाही.

"एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती?" नवरा म्हणाला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "चूक माझी होती, ती मी जगाला ओरडून सांगितली. पण खरं ठाऊक असून माझ्या भीतीनं चार बाटल्या भरेपर्यंत गप्प बसलात, ती चूक तुमची. आणि ती मी कुणालाही सांगणार नाही."